तू विचारलेली वेळ

गौतम्या, तुझ्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. मागायला आलेले तुझ्या शाळेतले मास्तर जाता जाता म्हणाले, "सलीमभाई, भाषा जरा सभ्य ठेवा." म्हणजे माझी कीर्ती स्टाफरूमपर्यंत पोचलेली आहे, ती तूच पोचवली असणार. मी हो म्हटलं. पण सभ्य भाषेत तुझ्याशी मी बोललोय कधी? आठवीत तू केनवडहून वाशीमला मामाकडे शिकायला आलास, माझ्या बाकापाशी उभा राहिलास आणि पहिलं वाक्य बोललास ते "सरक बे." मी सरकलो. पंचेचाळीस वर्षं होत आली, अजून सरकलेलाच आहे.

तर सरळ सांगतो. मला तुझा राग आलेला आहे. माणूस गेला की राग जातो म्हणतात, ते साफ खोटं आहे. माझा वाढलाय. आधी निदान वाटायचं की एक दिवस हा गाडी लावेल दुकानासमोर, आत येईल, आणि मी त्याला चार शब्द सुनावीन. शब्द तयार होते. सात महिने घासूनपुसून ठेवले होते.

चार वेळा नागपूरच्या दवाखान्यात गेलास म्हणे. बसस्टँडचा रस्ता माझ्या घड्याळांच्या दुकानावरूनच जातो. ऑटोत बसून चार वेळा गेलास, चार वेळा परत आलास, आणि मी डोळ्याला भिंग लावून खाली बघत बसलो, कारण आपलं बोलणं बंद होतं. तुझ्या पोटात काय वाढतंय ते घरात माहीत, शाळेत माहीत, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला माहीत. मला कधी कळलं? बुधवारी सकाळी शटर वर करताना समोरचा पानवाला म्हणाला, "तुमचे मास्तर गेले ना भाई." मी विचारलं, कुठे गेले? भर रस्त्यात असा बेवकूफ ठरलो मी तुझ्यामुळे.

शुक्रवारी तुझी शोकसभा झाली. नऊ जण बोलले. ज्या गृहस्थांनी "लग्नसराई आहे सर, बंद पडलेली घड्याळं टांगायला हॉल कसा द्यायचा, लोक अपशकुन मानतात" असं सांगून तुला दोनदा वाटेला लावलं होतं, ते सगळ्यात जास्त वेळ बोलले. 'आपल्या जिल्ह्याचा थोर कलावंत' असं म्हणाले आणि चष्मा काढून डोळे पुसले. मी उठलोच होतो. तुझ्या बायकोने, सुजाता वहिनींनी, लांबूनच मान हलवली म्हणून पुन्हा बसलो.

तुझं ते घड्याळांचं खूळ सुरू झालं माझ्याच दुकानात. एक गिऱ्हाईक मोठ्या अभिमानाने सांगत होतं की जुन्या ज्योतिषांची मध्यरेषा आपल्या वाशीमवरून, मध्यमेश्वराच्या देवळावरून जायची, साऱ्या देशाची वेळ म्हणे या रेषेवरून मोजायचे. तू चहा पीत ऐकत होतास. ते गेल्यावर म्हणालास, "गेली असन रेघ. आमच्या वस्तीतून नाई गेली. आमची वेळ दगडावरून मोजत."

आणि मग तू मला ती दगडाची गोष्ट सांगितलीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तुझा आजा केनवडला ज्यांच्या शेतात राबायचा त्यांच्या बांधावर एक दगड होता. दुपार कलली आणि बाभळीची सावली त्या दगडाला टेकली की सुट्टी. सावली जवळ आली की मालकाचा माणूस यायचा आणि दगड हातभर पुढे सरकवायचा. सगळ्यांना दिसायचं, कोणी बोलायचं नाही. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन तुझा बा आजासोबत परत आला, तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्याने ठरवलं की आता किती वाजले ते आम्हाला दुसऱ्याने सांगायचं नाही. ते घड्याळ घ्यायला त्याला पुढे बारा वर्षं लागली, तुझ्या जन्माच्या वर्षी आलं ते घरात. लंबकाचं, एकदा किल्ली दिली की आठ दिवस चालणारं. शाळेत जाणारी पोरं, बसला जाणारी माणसं, सगळी वस्ती तुझ्या दारात वेळ विचारायला यायची. तू सातवीत असताना बा गेला, घड्याळ बंद पडलं, तुझ्या मायने त्याच्यावर कापड गुंडाळलं, आणि ते तसंच राहिलं.

ही गोष्ट सांगून तू चहाचा ग्लास ठेवलास आणि म्हणालास, "सलीम, असे घड्याळं घरोघरी असतीन बे."

दोन वर्षं हिंडलास. शाळा सुटली की मोटरसायकलवर टांग. कोणाच्या घरात बंद घड्याळ आहे, कधीपासून आहे, आणि चालू का नाही केलं, एवढंच विचारायचास. ड्रॉइंगचा मास्तर दारात येऊन बंद घड्याळ मागतो म्हटल्यावर लोक आधी हसायचे आणि मग तासभर बोलायचे. इंझोरीच्या एका बाईने घर धरणाच्या तलावात गेल्यापासून घड्याळ लावलंच नव्हतं. नव्या घरात भिंतीवर टांगलं, पण सेल घातला नाही. "त्या घरातली वेळ या घरात कायले लावू?" असं ती म्हणाली, आणि तू ते वाक्य मला तीनदा ऐकवलंस. स्टेशनवर चहा विकणाऱ्या म्हाताऱ्याचं घड्याळ छोट्या रुळाची गाडी बंद झाली त्या महिन्यापासूनचं. माझ्या मामूच्या चपलांच्या दुकानातलं घड्याळ कर्फ्यूच्या आठवड्यातलं होतं, ते तर मीच तुला काढून दिलं. बावीस जमली. तेविसावं तुझ्या बाचं. ही सगळी एका भिंतीवर लावायची, प्रत्येकाखाली त्या घराचं म्हणणं त्यांच्याच बोलीत लिहायचं, आणि सगळ्यात शेवटी बाच्या घड्याळावरचं कापड लोकांसमोर काढायचं. तोवर ती वेळ तूही पाहणार नव्हतास. लहानपणी मायने पाहू दिली नाही, मोठेपणी हिंमत झाली नाही, असं तू मला सांगितलंस. अशा गोष्टी तू मलाच सांगायचास.

आपला वाद तेव्हापासूनचा. तू म्हणायचास, घड्याळ बंद पडत नसतं, माणूस त्याला बंद पडू देतो. मी म्हणायचो, माझा बाप घड्याळजी, मी घड्याळजी, आणि आजवर एकही घड्याळ दुःखाने बंद पडलेलं पाहिलं नाही. किल्ली संपते, सेल संपतो, धूळ बसते, तेल सुकतं. तू म्हणायचास, "मंग ते साफ काहून करत नाईत लोक?" मी म्हणायचो, आळस. तू उठून जायचास आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचास.

आता तुझा गुन्हा ऐक. तेवीस घड्याळं तू माझ्या दुकानात आणून ठेवलीस, म्हणालास, "नुसते पुसून ठेव, काचा चकाचक कर," आणि निवडणुकीच्या ड्युटीवर चार दिवस निघून गेलास. अरे, डॉक्टरच्या घरी तापाने फणफणलेली तेवीस माणसं झोपवून कोणी म्हणतं का, नुसतं बघत बस? पहिल्या दिवशी मी पुसलंच. इंझोरीच्या घड्याळाची काच काढली, तर आतला गंज दिसला. गंज काढला, तर एवढं काढलंच आहे तर सेल घालून पाहू म्हटलं. ते चाललं. चालल्यावर हाताला जी खाज सुटते ती तुला नाही कळायची. चौथ्या दिवशी तुझ्या बाच्या घड्याळावरचं कापड मी सोडलं. ते सोडू नको असं तू बजावलं होतंस, मला पक्कं माहीत होतं, तरी सोडलं. किल्ली आतच खिळ्याला लटकत होती. तू परत आलास तेव्हा तेवीसच्या तेवीस घड्याळं एकच वेळ दाखवत होती, आणि मी, खुदा माफ करो, तुझ्या शाबासकीची वाट पाहत होतो.

तू दारातच थांबलास. एकामागून एक सगळीकडे पाहिलंस.

"काहून चालू केले बे?"

"अबे बंद कायले ठेवू? सगळे चांगले होते, नुसती धूळ होती."

"तुले काळ समजतच नाई, सलीम. तुले फक्त काटे समजतात."

हे वाक्य तू माझ्या बापाच्या गादीवर बसलेल्या माझ्याशी बोललास. चारचौघांत. बाकावर दोन गिऱ्हाइकं होती. मग तुझी नजर शेवटच्या घड्याळावर गेली, त्याचा लंबक हलताना तू पाहिलास, आणि तुझा आवाज एकदम खाली आला.

"बाच्या घड्याळात किती वाजले होते?"

मी म्हटलं, "याद नाई."

तू ते घड्याळ उचललंस, चालू होतं तसंच काखेत मारलंस आणि गेलास. बाकी बावीस माझ्याकडेच राहिली. प्रदर्शन बारगळलं. मामूच्या घड्याळाकडे बघून मामू खूश झाला, इंझोरीची बाई फोनवर रडली.

आता माझा गुन्हा. तो दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा इथे छापून आलेला बरा. माझ्या अब्बांची एक शिस्त होती. दुकानात आलेल्या घड्याळाचे काटे हलवण्याआधी ते कुठे उभे होते ते तबकडीच्या मागे फळीवर पेन्सिलीने लिहायचं. गिऱ्हाईक उद्या भांडायला आलं की माझं घड्याळ तर अमक्या वेळी बंद पडलं होतं, तुम्हीच आणखी बिघडवलं, तर दाखवायला पुरावा. "पहले लिख, फिर हाथ लगा," असं म्हणून टपली मारायचे. ती टपली माझ्या हातात इतकी मुरली आहे की तेवीसही घड्याळांत मी लिहिलेलं आहे. तुझ्या बाच्यातही. मशीन काढल्याशिवाय दिसत नाही अशा जागी.

म्हणजे काहीच पुसलं गेलं नव्हतं. एक वाक्य बोललो असतो तर दोन दिवसांत सगळे काटे जागच्या जागी आले असते, भिंत उभी राहिली असती, आणि तू मला माफ केलं नसतंस तरी शिव्या देत रोज चहाला आला असतास. मी बोललो नाही. मला फक्त काटे समजतात ना? मग जा, शोध तुझा काळ, असं मनात म्हणत सात महिने बसलो. खोटं बोललो गौतम्या, आणि रोज सकाळी शटर उघडताना ते खोटं पुन्हा पुन्हा बोललो.

शनिवारी तुझ्या घरी गेलो. ओट्यावर चप्पल काढतानाच आतून टकटक ऐकू आली, आणि ती कोणत्या घड्याळाची ते मला पाहायची गरज नव्हती. बैठकीच्या भिंतीवर तुझ्या बाचं घड्याळ चालू होतं. बरोबर वेळ दाखवत होतं. मी वहिनींना विचारलं, हे कोणी चालू ठेवलं?

"त्याईनंच," वहिनी म्हणाल्या. "तुमच्याकडून आणलं तवापासून दर ऐतवारी सकाळी चाबी द्याचे. मले हात लावू नाई देत. मागच्या ऐतवारी उभं राहवत नव्हतं, त स्टूल धरून देली."

माझं डोकंच फिरलं. मृत माणसाच्या घरात आवाज चढवू नये एवढी अक्कल मला आहे, म्हणून गप्प राहिलो, पण आता सांगतो. सात महिने तू माझ्यावर रुसून बसलास घड्याळ चालू केलं म्हणून, आणि घरी दर रविवारी स्वतःच्या हाताने किल्ली देत होतास! मग मला का नाही सांगितलंस? पंधरा मिनिटांवर तर घर. एक दिवस दुकानात येऊन म्हणायचं होतंस, बे सलीम, बाचं घड्याळ चालू बरं वाटते. मी तिथल्या तिथे खरी वेळ सांगितली असती. तू हट्टी, मी तुझ्याहून हट्टी, आणि दोघांमध्ये ते घड्याळ आपलं इमानदारीने चालत राहिलं.

कोपऱ्यातल्या खाटेवर तुझी माय बसली होती. मला जवळ बोलावलं. "चूप काहून बसला, सलीम बापू?" म्हणाली. तिच्यासमोर मात्र माझ्याने राहवलं नाही. कापड सोडल्यापासून 'याद नाई'पर्यंत सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ते घड्याळ म्याच बंद पडू देलं होतं."

मी खाटेजवळ सरकून बसलो.

"याचा बा गेला त्याच्या पाचव्या दिवशी बंद पडलं. चाबी खिळ्यालेच होती. नाई देली म्या. चालू राह्यलं असतं त लोक म्हणाले असते, पाय, इच्या घरात काई झालंच नाई. खाली बसून पायत राह्यली. पायता पायता थांबलं ते."

"मंग तुले वेळ माहीत आहे, माय?"

"मले घड्याळ कुठी वाचता येते, बापू? बा वाचे, पोरं वाचत. मी बसली होती ना अशी," आणि तिने दोन्ही हात मांडीच्या दोन बाजूंना खाली सोडले, "तसेच त्याचे काटे होते. नान्ना इकडे, मोठा इकडे. मले वाटलं, हेबी माह्यावानीच बसलं."

मी घड्याळाशिवायच ओळखलं. पेन्सिलीने लिहिलेलं तेच होतं.

गौतम्या, तू इंझोरीच्या बाईच्या ओसरीवर तीन तास बसलास. स्टेशनवरच्या म्हाताऱ्यासाठी चार चकरा मारल्यास. दुनियेला विचारत फिरलास, बंद कधी पडलं, चालू का नाही केलं. आणि घरातल्या मायला एकदा विचारलं नाहीस! चव्वेचाळीस वर्षं तिच्याकडे तुझं उत्तर होतं, मोफत होतं, आणि तुझं म्हणणं खरं ठरवणारं होतं. बंद पडू देतो माणूस. तू जिंकला होतास वाद. हे तुला कळायला हवं होतं आणि कळलं नाही, याचा मला जेवढा राग आहे तेवढा कशाचाच नाही. मी ओट्यावर येऊन रडलो, लोक बघत होते, बघू दे.

आज रविवार. सकाळीच पुन्हा गेलो. सोबत माझी हत्यारं नेली होती, मशीन काढून ती फळी मायला दाखवायची म्हणून. वहिनींनी किल्ली माझ्यापुढे धरली. "आज ऐतवार आहे, भाऊ. चाबी तुमी द्या." मी हात मागे घेतला. आयुष्यात पहिल्यांदा चालू घड्याळाची किल्ली घ्यायला माझा हात धजेना. तुला ते बंद हवं होतं की चालू, मला कळत नव्हतं. तुझ्या बोलण्यावरून जावं तर एक, तुझ्या रविवारांवरून जावं तर दुसरं.

खाटेवरून माय म्हणाली, "आण इकडे."

उठली. एका हाताने वहिनींचा खांदा धरला, स्टुलाला हात लावला नाही, मीच घड्याळ उतरवून तिच्यासमोर धरलं. "एकदा बंद पडू देलं. डबल नाई," म्हणाली. मग मला विचारलं, "कोन्या अंगानं फिरवू?"

"उजव्या अंगानं, माय. अडलं की थांब."

तिने फिरवली. मध्ये दोनदा दम खाल्ला. अडेपर्यंत फिरवली.

उरलेल्या बावीस घड्याळांचं काम मी आज दुपारपासून घेतलंय. काटे उलटे फिरवायचे नसतात, ठोक्यांचं मशीन बिघडतं, म्हणून प्रत्येकाला पुढे पुढे नेत त्याच्या वेळेपर्यंत आणावं लागतं. दुकानात नुसता ठोक्यांचा घणघणाट चालू आहे आणि समोरचा पानवाला कानात बोटं घालून बसला आहे. इंझोरीच्या बाईला फोन केला. हॉल मागायला मी स्वतः जाणार आहे, आणि सभ्य भाषेत नाही जाणार. बावीस बंद असतील, शेवटचं चालू राहील. त्याच्याखाली काय लिहायचं ते मायच सांगेल, मी लिहून घेईन. अक्षर माझं वाईट आहे, ते तू समजून घे.

आणि तू दारात उभा राहून विचारलं होतंस, बाच्या घड्याळात किती वाजले होते. चार वाजून सदतीस मिनिटं, गौतम. मला याद होतं.